वणव्याला पंचनामा, चिमणीला परवाना

ताडोब्याच्या जंगलालगतच्या मोहर्लीत पावसाळा सोडला तर वर्षभर हवेत धूर असतो. फक्त त्याचा धनी बदलतो. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत चुलीचा आणि शेकोटीचा धूर. फेब्रुवारीत वनखात्याच्या जाळरेषांचा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाखालच्या पाल्याचा. उन्हाळाभर तेंदूच्या रानातल्या वणव्याचा. आणि दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर चंद्रपूरच्या चिमण्या, त्यांचा बारमाही. यातल्या बहुतेक धुरांमागे मी खाकी गणवेशात धावलो आहे. काही धूर मी स्वतः काडी ओढून केले, तेही सरकारी हुकमाने. एका धुराबद्दल मात्र माझ्या बीटच्या वहीत एक ओळही लिहिली गेली नाही, कारण त्याला रकानाच नव्हता. तो का नव्हता हे समजून घ्यायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

आधी मोहाचं सांगतो. मोहाचं फूल रात्री उशिरा गळायला लागतं आणि पहाटेपर्यंत झाडाखाली सडा पडतो. फूल फिकट पिवळं, रसरशीत, बोराएवढं. खाली सागाचा, पळसाचा, मोहाचाच वाळलेला पाला वितभर साचलेला असला की फूल त्यात गडप होतं. म्हणून जमीन मोकळी करावी लागते. कोण झाडून मोकळी करतो, कोण जाळून. गावातलं कुठलं झाड कोणाच्या घरचं, हे सातबाऱ्यावर नसलं तरी सगळ्यांना पाठ असतं, आणि आपापल्या झाडाखालची जमीन ज्याने त्याने साफ करायची असा रिवाज. त्या दोन-तीन आठवड्यांत वेचलेली फुलं वाळवून ठेवली की घरात वर्षाचा मीठ-मिरचीचा खर्च निघतो.

मोहर्लीच्या एका आजीला हे काम करताना मी बारकाईने पाहिलंय. ती आधी खराट्याने झाडाभोवती गोल ओढायची, बाहेरच्या अंगाला हातभर पट्टा पार मातीपर्यंत खरवडायची. मग आतला पाला बुंध्यापासून दूर, छोट्या छोट्या ढिगांत गोळा करायची. संध्याकाळी वारा पडला की एकेक ढीग पेटवायचा, सगळे एकदम नाही. हातात हिरवा डहाळा, बाजूला पाण्याची चरवी. राख पांढरी होऊन थंड होईस्तोवर ती तिथून हलत नसे. मला म्हणाली होती, "आग आपल्या समोर मरू द्याची, मंगच उठाचं जी." हा धूर डोळ्यांना झोंबतो, पण तासाभरात संपतो आणि झाडाखालीच राहतो.

अडचण होते ती घाईत काडी टाकून घरी जाणाऱ्यांची. रात्री विझल्यासारखी दिसणारी आग मोहाच्या पोकळ खोडात धुमसत राहते. दुसऱ्या दिवशी अकराच्या पुढे वारा सुटला की तिला पाय फुटतात. आमच्याकडच्या आगी बहुतेक जमिनीवरून चालणाऱ्या. ज्वाळा गुडघ्याएवढ्या, पण आघाडी किलोमीटरभर लांब. मोठं सागवान त्यातून वाचतं. मरतात ती रोपं, जमिनीवर घरटी करणारे पक्षी, कासवं, सरडे. बांबूचं रान वाळलेलं असलं तर मात्र आग उभी राहते, आणि बांबूची पेरं फुटल्याचे आवाज दोन डोंगर पलीकडे ऐकू जातात.

आग जंगलात नवी नव्हती. पूर्वेकडे, आजच्या गडचिरोलीच्या भामरागड भागात माडिया लोक पेंदा करायचे: झाडोरा तोडायचा, वाळवायचा, जाळायचा, राखेत धान्य टाकायचं आणि काही वर्षांनी दुसरीकडे जायचं. गुराखी उन्हाळ्यात वाळलं गवत पेटवायचे, कारण पहिल्या सरीनंतर तिथे कोवळी पात लवकर उगवते. तेव्हाही मार्च ते मे या भागात धूर असणारच. पण तो गुन्हा नव्हता. गुन्हा झाला तो नंतर, इंग्रजांना रेल्वेच्या स्लीपरसाठी लाकूड लागायला लागलं तेव्हा.

१८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. त्या प्रांताचे पहिले वनसंरक्षक कर्नल जी. एफ. पिअर्सन. हिंदुस्थानातलं जंगल उन्हाळ्यात जळायचंच, त्याला इलाज नाही, असं तोवर बहुतेक साहेब लोक धरून चालले होते. पिअर्सन यांनी सातपुड्यातल्या होशंगाबाद भागातलं बोरीचं जंगल निवडलं आणि १८६० च्या दशकात ते आगीपासून राखून दाखवलं. रान मोकळ्या पट्ट्यांनी कापायचं, ते पट्टे हंगामाआधी जाळून घ्यायचे, त्यावर माणसं फिरती ठेवायची आणि आजूबाजूच्या गावांना जबाबदार धरायचं, अशी ती पद्धत. बोरी राखता आलं म्हणजे सगळंच राखता येईल, असा हिशेब झाला आणि ही पद्धत प्रांतोप्रांती गेली. पुढे बंगाल-आसामच्या सालवनात उलटा अनुभव आला. आग पूर्ण थांबवली तर खाली दाट झुडूप माजतं आणि सालाचं रोपच उठत नाही, असं वनाधिकाऱ्यांच्याच लक्षात आलं. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठरवून जाळण्याची रीत परत आणावी लागली. म्हणजे आग वाईट की चांगली, यावर खात्याचंही कधी एकमत नव्हतं. एकमत होतं ते काडी कोणाच्या हातात असावी याबद्दल.

कायद्यात ते स्वच्छ लिहिलं गेलं. १८७८ चा वन कायदा, मग १९२७ चा भारतीय वन अधिनियम. त्याच्या कलम २६ खाली राखीव जंगलात आग लावणं हा गुन्हा. त्याच कलमाच्या शेवटी एक तरतूद आहे, ती गावकऱ्यांना आम्ही क्वचितच वाचून दाखवायचो: आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल, तर सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क वाटेल तितक्या काळासाठी स्थगित करू शकतं. एकाने काडी टाकली तर शिक्षा गावाला. कलम ७९ सांगतं की जंगलात हक्क असलेल्या प्रत्येकाने आग विझवायला धावलं पाहिजे. आणि अभयारण्यात आग लावायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३० ची वेगळी बंदी. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये, आणि दोन्ही मिळून १९९५ मध्ये व्याघ्रप्रकल्प. मोहर्लीच्या माणसाला एकाच काडीसाठी दोन कायदे लागू.

मी वनरक्षक म्हणून लागलो तेव्हा बोरीची ती पद्धत शंभर वर्षांहून जुनी झाली होती, पण काम तेच होतं. आगीचा हंगाम सरकारी कागदावर १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याआधी जाळरेषा उरकायच्या. डिसेंबर-जानेवारीत मजूर लावून पट्ट्यातलं गवत आणि झुडूप कापायचं, ते आठ-दहा दिवस पट्ट्यातच वाळू द्यायचं, आणि मग दव सुकल्यावर, वारा उठायच्या आत पेटवायचं. दोन्ही काठांवर माणसं हिरव्या फांद्या घेऊन उभी. आग पट्ट्याबाहेर गेली तर आपणच लावलेल्या आगीचा पंचनामा आपल्यालाच करावा लागायचा, म्हणून सगळे जीव मुठीत धरून असत. हल्ली पाठीवर ब्लोअर आले. तेव्हा दुपट्टा भिजवून तोंडाला बांधायचा आणि फांदी हाणायची, एवढंच साधन. रात्री घरी आलं की थुंकी काळी.

हंगामात आग दिसली की धावायचं, विझवायची, हेक्टर मोजायचे, कक्ष क्रमांक टाकायचा आणि पी.ओ.आर. फाडायचा. म्हणजे वनगुन्ह्याचा पहिला कागद. आरोपी बहुधा 'अज्ञात इसम'. कधी मोहवाला हाती लागे, कधी गुराखी. ज्या आगीमागे पैसा होता तिथला माणूस मात्र हाती लागणं फार कठीण.

ती आग तेंदूची. विडीचं पान कोवळं, मऊ आणि बिनडागाचं लागतं. तेंदूचं झुडूप उन्हाळ्याआधी छाटलं किंवा होरपळलं की मुळातून नवे धुमारे येतात आणि त्यांना तशी पानं लागतात. छाटणीला खात्यात खुटकटाई म्हणतात. तिला मजुरी लागते, काडीला लागत नाही. त्यामुळे छाटणीऐवजी रानाला आग लावून देण्याची खोड तेंदूच्या धंद्याला पूर्वीपासून. १९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारच्या ताब्यात आला, लिलाव सुरू झाले, पण पान ज्या तऱ्हेने हवं होतं ती तऱ्हा बदलली नाही. मे महिन्यात पहाटे घरची सगळी माणसं रानात, दुपारी ओट्यावर ७० पानांचं एकेक पुडकं बांधायचं, संध्याकाळी फडावर मोजून द्यायचं. हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. मजुरी घराला येते, नफा दूरच्या विडीच्या गावांना जातो, धूर इथेच राहतो.

आता कोळसा. तोही इथे जुनाच आहे. वर्धा खोऱ्यातल्या कोळशाची पाहणी भूगर्भ खात्याच्या टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनी केली, त्यांचा अहवाल १८७७ चा. त्याच दशकात वरोऱ्याला सरकारी खाण सुरू होती आणि कोळशासाठी तिथवर रेल्वे आली होती. ती खाण १९०६ मध्ये बंद झाली, तिची जागा बल्लारपूरच्या खाणीने घेतली. सागाच्या जंगलाला आगीपासून वाचवणारं सरकार आणि जमिनीखालचं जंगल जाळायला काढणारं सरकार, एकाच जिल्ह्यात, एकाच काळात, दोन वेगळ्या दप्तरांत काम करत होतं. ती दोन दप्तरं आजतागायत एकमेकांना भेटलेली नाहीत.

मी नोकरीला लागलो त्याच सुमाराला, १९८३-८४ मध्ये, चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राचे २१० मेगावॉटचे पहिले दोन संच सुरू झाले. त्याच्या पाण्यासाठी इरई नदी अडवली. तिचं बॅकवॉटर आज मोहर्लीला येणारे पर्यटक फोटोत घेतात. १९९७ पर्यंत सात संच आणि २३४० मेगावॉट झाले. २०१६ मध्ये ५०० मेगावॉटचे आणखी दोन आले, पुढे ते पहिले दोन जुने संच मोडीत निघाले, आणि क्षमता २९२० मेगावॉटवर आली. एक युनिट विजेला साधारण सातशे ग्रॅम कोळसा धरा. केंद्र पूर्ण भाराने चाललं तर दिवसाला जवळपास ५० हजार टन. आपल्या कोळशात राखच ३५-४० टक्के. तिचा फार मोठा भाग यंत्रं पकडतात, हे खरं. पण पकडलेली राखही कुठेतरी ठेवावीच लागते, आणि उन्हाळ्यात कोरड्या राखेला वारा लागला की ती बंधाऱ्यात राहत नाही. चंद्रपूरहून मोहर्लीला येताना वाट दुर्गापूर, पद्मापूरच्या उघड्या खाणींवरून येते. कोळशाच्या ट्रकांनी कडेच्या सागाची पानं काळी करून ठेवलेली असतात. जंगलाचा नाका त्याच रस्त्यावर.

हिवाळ्यात याचं काय होतं, ते गावातल्या माणसाला पुस्तकाशिवाय कळतं. आकाश निरभ्र, रात्री जमीन झपाट्याने गार होते, तिला लागलेली हवा गार आणि जड होऊन तळाशी बसते, वर त्यापेक्षा उबदार थर येतो. मग चुलीचा, शेकोटीचा, शहरात कोळशाच्या शेगडीचा धूर वर जातच नाही. पहाटे तो घरांच्या कौलांवर आडवा पसरलेला दिसतो. ५०० मेगावॉटच्या संचाला २७५ मीटर चिमणीचा नियम आहे. एवढ्या उंचीवरचा धूर रात्रभर त्या थराच्या वर तरंगत राहू शकतो. सकाळी ऊन तापलं, जमिनीजवळची हवा घुसळली जाऊ लागली, की वरचा धूर खाली उतरतो. म्हणून चंद्रपूरकडे सकाळी सहापेक्षा नऊ-दहाला घसा जास्त खवखवतो. हिवाळी वारा बहुतेक उत्तरेकडचा, त्यामुळे मोहर्लीची त्यातून बरीच सुटका होते. वारा फिरला की होत नाही.

पर्यटक या दिवसांत पहाटेच्या सफारीत 'काय सुंदर धुकं' म्हणतात. निम्म्या वेळा ते खरंच धुकं असतं. ओळखायची खूण सोपी: धुक्याने जिप्सीचा लोखंडी दांडा ओला होतो, धुराने होत नाही.

चिमणीला कायदा नाही असं नाही. राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० चं. हवेचा कायदा १९८१ चा. त्याखाली कारखान्याने मंडळाची संमती घ्यायची, आणि संमतीपत्रात दिलेल्या मर्यादेत धूर सोडायचा. म्हणजे सुरुवातच परवानगीपासून. मोहवाल्या आजीला एवढा पाला जाळायची संमती कोणी कधी दिली नाही. तिची सुरुवात गुन्ह्यापासून. २०१५ च्या डिसेंबरमध्ये औष्णिक केंद्रांसाठी गंधकाच्या धुराची मर्यादा ठरली, तिच्या मुदती पुन्हा पुन्हा वाढल्या. आगीचा पंचनामा मी चोवीस तासांच्या पुढे नेला असता, तर मला नोटीस आली असती.

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबादच्या खालोखाल चंद्रपूर चौथं, ८३.८८ गुणांनी. २०१० च्या जानेवारीत अशा पट्ट्यांत नव्या प्रकल्पांवर स्थगिती आली, पुढे कृती आराखडे सादर झाले आणि ती उठली. त्याच सुमाराला ताडोबाला लागून असलेल्या लोहाऱ्याच्या कोळसा खाणीचा प्रस्ताव, चंद्रपूरकरांच्या विरोधानंतर, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पुढे जाऊ दिला नाही. पुढे २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला, त्यातही चंद्रपूरचं नाव आहेच. आमच्या बाजूने एवढं तरी झालं की हवा हा विषय वनखात्याच्या माणसांच्या तोंडी यायला लागला.

मधल्या काळात गावातला एक धूर खरोखर कमी झाला. २०१५ ला सुरू झालेल्या श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून व्याघ्रप्रकल्पाच्या बफरमधल्या घरांना गॅस मिळाला. सरपणासाठी वाघाच्या रानात जाणं कमी व्हावं हा हेतू. सोबत स्वयंपाकघरातला धूर घटला, तो बायकांच्या छातीतून घटला. सिलिंडर महागला की चूल परत पेटते, पण दिवसातून तीनदाऐवजी एकदा.

आगीचं दप्तरही बदललं. २००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीचे ठिपके कळवतं. आता तर वनरक्षकाच्या मोबाइलवर अक्षांश-रेखांशासह निरोप येतो. गडचिरोली त्या यादीत देशात वरच्या जिल्ह्यांत असते. यंत्र उत्तम आहे. पण ते उष्णता पकडतं. मोहाखालचा पाला पेटला तर त्यालाही ठिपका येऊ शकतो. चिमणीतून उंच निघून पसरलेला धूर वनरक्षकाच्या त्या नकाशावर उमटत नाही. दीडशे वर्षांपूर्वी पिअर्सन यांच्या माणसांना जे शोधायला सांगितलं होतं, तेच आज उपग्रह शोधतो.

आग कमी कशी होते, याचं उत्तर मला आमच्या खात्यापेक्षा पाचगावने चांगलं दिलं. गोंडपिपरी तालुक्यातलं हे गाव. २०१२ मध्ये त्याला वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूवर गावाचं उत्पन्न सुरू झालं. ग्रामसभेने बसून विचार केला आणि ठरवलं की तेंदू तोडायचाच नाही. कारण त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात, आगी लागतात, आणि शेवटी त्या पानातून लोक तंबाखूच पितात. रोख मजुरी सोडणं गरीब गावाला सोपं नसतं. पण रान आपलं आहे म्हटल्यावर आगीचा खर्च त्यांच्या हिशेबात आला. आमच्या वेळी तो खर्च सरकारचा होता, म्हणून कोणाचाच नव्हता.

मोहर्लीला याचा धडा घ्यायचा तर काय करावं, हे मी निवृत्तीनंतर ग्रामसभेत बोललो आहे. मोहाखाली जाळी बांधून फूल झेलता येतं, ती घराघराला द्या. जाळायचंच असेल तर आजीच्या पद्धतीने, ग्रामसभेने नेमून दिलेल्या दिवशी, लोकांनी मिळून जाळा. खात्याने त्या दिवशी गार्ड पाठवावा, पी.ओ.आर.चं पुस्तक घरी ठेवून. आणि जंगलाच्या नाक्यावर हवा मोजायचं यंत्र बसवा. वर्षाची सरासरी आम्हाला नको. पावसाळ्याचे चार धुतलेले महिने मिळवले की कुठलीही सरासरी सभ्य दिसते. महिनावार आकडा द्या, सोबत वाऱ्याची दिशा द्या. चोवीस तासांना हवेत सूक्ष्म कण किती चालतात याची राष्ट्रीय मर्यादा २००९ पासून ठरलेली आहे: अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. एप्रिलमध्ये आकडा त्यावर गेला तर गावाला विचारा, आम्ही उत्तर देऊ. जानेवारीत गेला तर वारा बघा आणि ज्याच्याकडून आला त्याला विचारा.

वणव्याचा जाब विचारता येतो, कारण त्याला बीट आहे, कक्ष आहे, तारीख आहे आणि खाली कोणा वनरक्षकाची सही आहे. चिमणीच्या धुरालाही हे सगळं लावता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. एक वही लागते, आणि तिच्यात चुकलेल्या तारखेला नोटीस काढणारा साहेब लागतो.